माणूस पूर्व आफ्रिकेत जन्मला आणि तिथून पसरला, हे कितपत खरं?

प्रश्न असा आला आहे: शाळेत शिकवलं की माणूस केनिया-इथिओपियाच्या पट्ट्यात जन्मला, तिथून आफ्रिकाभर आणि मग जगभर पसरला. मग मोरोक्कोत तीन लाख वर्षांपूर्वीचा माणूस कसा सापडतो? नेमकं जन्मस्थान कोणतं धरायचं? आणि भारतात आला तो यातला कोणता?

थोडक्यात सांगायचं तर एकच जन्मस्थान धरू नका. तुमच्याआमच्या प्रजातीचा माणूस, म्हणजे होमो सेपियन्स, आफ्रिकेच्या एका कोपऱ्यात तयार झाला आणि मग उरलेल्या खंडात पसरला, असं आजचा पुरावा सांगत नाही. त्याचे पूर्वज आधीपासूनच खंडभर विखुरलेले होते. हे गट हजारो वर्षं एकमेकांपासून तुटत होते, पुन्हा भेटत होते, आणि त्या तुटण्या-जुळण्यातून आपण घडलो. पूर्व आफ्रिकेचं महत्त्व खोटं नाही. पण ती नकाशावर एवढी मोठी दिसते याचं एक कारण हाडं कुठे टिकतात आणि कोण कुठे खणतं हेही आहे. मी दगडी हत्यारांवर काम करते, तेव्हा माझा कल हाडांपेक्षा दगडांकडे झुकलेला दिसेल, तो तसा समजून घ्या.

आधी पूर्व आफ्रिकेचंच बघू. इथिओपियापासून मोझांबिकपर्यंत जमीन फाटत चालली आहे, तीच पूर्व आफ्रिकेची खचदरी. जमीन खचते तिथे सरोवरं साठतात आणि त्यांच्या काठी मेलेल्या जनावरांवर गाळ चटकन बसतो. मधूनमधून ज्वालामुखीची राख पडते. राखेतल्या खनिजांमधलं किरणोत्सर्गी पोटॅशियम ठरावीक वेगाने आरगॉन वायूत बदलत राहतं, त्यामुळे राखेचं वय काढता येतं. हाड राखेच्या दोन थरांमध्ये सापडलं की त्याचं वय वरून आणि खालून बांधलं जातं. पुढे कधीतरी तीच जमीन वर उचलली जाते, पाऊसवारा तिला कापत जातो आणि लाखो वर्षं गाडलेला जबडा उघड्या उतारावर येऊन पडतो. म्हणजे पुरायचं, तारीख घालायची आणि पुन्हा उकरून काढायचं, ही तिन्ही कामं निसर्गानेच केलेली. पुरातत्त्वाच्या माणसाला याहून आयती जागा मिळणार नाही.

१९५९ मध्ये टांझानियातल्या ओल्डुवाईच्या घळीत मेरी लीकींना एक कवटी सापडली. दोनच वर्षांत राखेवरून तिचं वय साडेसतरा लाख वर्षं निघालं. तोवर एवढा मोठा आकडा कोणी गंभीरपणे मांडला नव्हता. मग पैसा आणि मोहिमा तिकडेच वळल्या. १९७४ मध्ये इथिओपियात हदारला ल्युसी, म्हणजे माणसाच्या एका जुन्या पूर्वजाचा सांगाडा, सापडली, वय सुमारे ३२ लाख वर्षं. १९७८ मध्ये लाएतोलीला राखेत उमटलेल्या पावलांची रांग मिळाली, ती सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची. १९८४ मध्ये तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला कमोया किमेउ यांच्या नजरेला हाडाचा एक लहानसा तुकडा पडला आणि त्यातून एका मुलाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा निघाला, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा. किमेउ यांची नजर हा स्वतंत्र विषय आहे. असल्या शोधांचं श्रेय छापून येतं मोहिमेच्या प्रमुखाच्या नावावर, पण दगडगोट्यांनी भरलेल्या उतारावर हाड ओळखणारा माणूस बहुतेक वेळा तिथलाच असतो.

आपल्याकडचा एक धागा इथेच सांगते. गुडरून कॉर्व्हिनस या जर्मन संशोधिकेने साठच्या दशकाच्या अखेरीस नेवाशाजवळ, प्रवरेच्या काठी चिरकीला उत्खनन केलं आणि हातकुऱ्हाडी, फरशा (रुंद धारेची हत्यारं), छिलके (घाव घालून काढलेल्या दगडाच्या कपच्या) असा मोठा ऐवज बाहेर काढला. सत्तरच्या दशकात त्याच बाई हदारच्या मोहिमेत होत्या, आणि शेजारच्या गोनाच्या भागात त्यांनी दगडी हत्यारांची नोंद केली. पुढे गोनातल्याच हत्यारांचं वय सुमारे २६ लाख वर्षं निघालं. प्रवरेच्या काठी दगड ओळखायला सरावलेली नजर तिकडे अवाश नदीच्या खोऱ्यात कामाला आली, असं म्हणायला हरकत नाही.

पण या खचदरीची पूर्वेकडची शाखा आफ्रिकेच्या क्षेत्रफळाच्या एक टक्काही नाही. उरलेल्या नव्याण्णव टक्क्यांत काय चाललं होतं?

त्यासाठी बाकीचे ठिपके कसे मिळाले ते बघावं लागतं. १९२१ मध्ये झांबियातल्या काब्वेची कवटी मिळाली ती शिसं-जस्ताच्या खाणीत. १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ताउंगच्या चुनखडीच्या खाणीतून एका लहान मुलाची कवटी रेमंड डार्ट यांच्याकडे पोहोचली. त्यांनी पुढच्याच वर्षी तिला माणसाच्या पूर्वजाचा मान दिला, आणि इंग्लंडमधल्या विद्वानांनी तो वीसेक वर्षं नाकारला, कारण त्यांच्या हातात पिल्टडाउनची, इंग्लंडमध्येच मिळालेली आणि माणसाचा पूर्वज म्हणून मिरवलेली कवटी होती. ती बनावट असल्याचं १९५३ मध्ये उघड झालं. दक्षिण आफ्रिकेतल्याच स्टर्कफोंटेनच्या गुहा, जिथे असेच जुने पूर्वज मिळाले, चुन्यासाठीच खणल्या जात होत्या. मोरोक्कोतलं जेबेल इरहूद ही बराइटची खाण. थोडक्यात, आफ्रिकेतल्या आदिमानवाचा आपला नकाशा निम्मा ज्वालामुखींनी आणि निम्मा खाणमजुरांनी काढलेला आहे. जिथे राख नाही आणि खाणही नाही, तिथे माणूस नव्हता असं नाही. तिथे कोणी बघितलं नाही, किंवा बघण्याजोगं काही उरलं नाही. पावसाळी जंगलातली आम्लधर्मी माती हाडं विरघळवून टाकते, आणि वरून झाडोरा इतका दाट की उघडा उतारच मिळत नाही. महाराष्ट्रात हा अनुभव आपल्याला आहे. गोदावरी, प्रवरा, तापीच्या काठांवर अश्मयुगातली हत्यारं हवी तितकी मिळतात, ती घडवणाऱ्या माणसाचं हाड मात्र मिळत नाही. म्हणून इथे माणूस नव्हता असं कोणी म्हणत नाही. काँगोच्या खोऱ्याबद्दल मात्र हेच वर्षानुवर्षं गृहीत धरलं गेलं.

माणसाच्या फार जुन्या पूर्वजांबाबत तर पूर्वेचा दावा आधीच डळमळला होता. फ्रेंच अभ्यासक इव्ह कॉपेन्स यांनी मांडणी केली होती की खचदरी तयार झाली तेव्हा पश्चिमेच्या जंगलात वानर राहिले आणि पूर्वेच्या कोरड्या माळावर माणसाची शाखा उभी राहिली. ऐकायला सोपी, नकाशावर दाखवायला त्याहून सोपी. मग १९९५ मध्ये चाडच्या वाळवंटात, खचदरीच्या पश्चिमेला सुमारे २,५०० किलोमीटरवर, मिशेल ब्रुने यांच्या चमूला ३५ लाख वर्षांपूर्वीचा जबडा सापडला, आणि २००१ मध्ये त्याच देशात 'तुमाई' नावाची सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीची कवटी. तुमाई दोन पायांवर चालत होता की नाही यावर अजून भांडणं चालू आहेत, पण पश्चिमेला माणसाच्या शाखेचं कोणी नव्हतं हे म्हणणं तेव्हाच संपलं. कॉपेन्स यांनी स्वतःच पुढे ती मांडणी सोडली.

हत्यारांचीही तीच गत. सर्वात जुनी सध्या केनियातल्या लोमेक्वीची, ३३ लाख वर्षांपूर्वीची: ओबडधोबड, जड, काही तर दगडावर दगड आपटून फोडलेली. त्यानंतर गोना. उत्तर आफ्रिकेत हत्यारं यायला बराच उशीर लागला असं मानलं जाई, पण २०१८ मध्ये अल्जीरियातल्या ऐन बूशेरीतची हत्यारं २४ लाख वर्षांपूर्वीची निघाली, सोबत कापल्याच्या खुणा असलेली हाडं. कासाब्लांकाच्या थॉमस खाणीत १३ लाख वर्षांपूर्वीच्या हातकुऱ्हाडींचा थर आहे. तेव्हा मोरोक्कोतला माणूस तीन लाख वर्षांपूर्वी 'तिथे पोहोचला कसा', याचं पहिलं उत्तर हे की त्याला कुठून पोहोचायची गरजच नव्हती. दगड फोडणारे हात त्या किनाऱ्यावर त्याच्या आधी दहा लाख वर्षं वावरत होते. त्यात खंड पडले असतील, मधल्या काळात वस्ती पुसलीही गेली असेल. पण पाटी कोरी नव्हती.

आता जेबेल इरहूद. इथे जरा थांबते, कारण सगळा प्रश्न याच जागेने उलटवला.

हे ठिकाण मराकेशच्या पश्चिमेला साधारण १०० किलोमीटरवर आहे. १९६१ मध्ये खाणकाम चालू असताना गाळाने भरलेली जुनी गुहा उघडी पडली आणि मजुरांना कवटी मिळाली. तिचं वय तेव्हा चाळीसेक हजार वर्षं धरलं गेलं. दिसायला जुनाट, म्हणून तिची गणना आफ्रिकेतल्या निअँडरथलसारख्या (निअँडरथल म्हणजे युरोपातला, आता लोप पावलेला माणूस) कुणात तरी झाली. खाणीत थर हललेले, कोणता तुकडा कुठून निघाला याची धड नोंद नाही, त्यामुळे हा नमुना पुढची कित्येक वर्षं कुठल्याच चित्रात बसेना. २००७ मध्ये एका मुलाच्या जबड्यावरून १ लाख ६० हजार वर्षं असा आकडा आला, तरी घोळ मिटला नाही.

२००४ पासून ज्याँ-जाक उब्लँ आणि अब्देलवाहेद बेन-नसेर यांच्या चमूने गुहेच्या न हललेल्या भागात पुन्हा खणायला घेतलं. किमान पाच व्यक्तींची हाडं मिळाली, प्रौढ आणि मुलं धरून. सोबत हरणाची हाडं, चकमकीची हत्यारं, आणि त्यांतली बरीच जळकी. माझ्या लेखी या उत्खननातली सर्वात मोलाची वस्तू कवटी नाही, ते जळके छिलके. चकमकीच्या स्फटिकांत आसपासच्या मातीतल्या किरणोत्सर्गामुळे वर्षागणिक थोडे थोडे इलेक्ट्रॉन अडकत जातात. दगड विस्तवात पडून काहीशे अंशांपर्यंत तापला की ते सगळे सुटतात आणि हिशेब शून्यावर येतो. विस्तव विझला की साठा पुन्हा सुरू. आज तोच छिलका प्रयोगशाळेत तापवला की साठलेली ऊर्जा फिक्या प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. प्रकाश किती पडला आणि त्या थरात दरवर्षी किरणोत्सर्गाची मात्रा किती, या दोन आकड्यांवरून तो विस्तव कधीचा ते निघतं. कुणीतरी टाकून दिलेल्या छिलक्यांच्या कचऱ्यावरच जाळ केला, म्हणून आपल्याला तारीख मिळाली. २०१७ मध्ये ती जाहीर झाली: सुमारे ३ लाख १५ हजार वर्षं, ३४ हजार इकडे किंवा तिकडे.

आणि कवटी? चेहरा लहान, कपाळाखाली नीट बसलेला, जवळजवळ आपलाच. मेंदूचं आकारमानही आपल्या पल्ल्यात. पण बाजूने पाहिलं तर डोकं मागे लांबत गेलेलं, आपल्यासारखं वाटोळं नाही. म्हणजे आधुनिक माणूस एकदम, सगळ्या अंगांनी तयार झाला नाही. चेहरा आधी आला, डोक्याची गोलाई फार मागून, गेल्या लाखभर वर्षांत पक्की झाली. इरहूदच्या लोकांना होमो सेपियन्स म्हणावं की त्याच्या उंबरठ्यावरचे, यावर एकमत नाही. मी त्यांना आपल्यातच धरते, पण या वादात मला फारसा रस नाही. नाव काहीही द्या, हाड तेच राहतं.

आता त्याच सुमाराला खंडात इतरत्र कोण होतं ते पाहा. दक्षिण आफ्रिकेत फ्लोरिसबादला १९३२ मध्ये मिळालेली कवटी सुमारे २ लाख ६० हजार वर्षांपूर्वीची: चेहरा रुंद, पण वळण आपल्याकडे झुकलेलं. काब्वेची ती खाणीतली कवटी, भुवयांवर जाड कंगोरा असलेली, बरीच जुनी असेल अशी सगळ्यांची समजूत होती. २०२० मध्ये तिचं वय सुमारे ३ लाखच निघालं. म्हणजे ती आपली आजी नाही, इरहूदवाल्यांची समकालीन. आणि जोहान्सबर्गजवळच्या रायझिंग स्टार गुहेतून २०१३ मध्ये बाहेर आलेला होमो नलेदी, मेंदू आपल्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा, त्याचं वय ३ लाख ३५ हजार ते २ लाख ३६ हजार वर्षांच्या दरम्यान. शरीराकडे पाहून वीस लाख वर्षांपूर्वीचा वाटेल असा हा प्राणी आपल्या पूर्वजांच्या काळात त्याच खंडात हिंडत होता. इथिओपियातल्या ओमो किबिशची हाडं १९६७ मध्ये मिळाली. त्यांचं वय आधी १ लाख ३० हजार, २००५ मध्ये १ लाख ९५ हजार आणि २०२२ मध्ये, वरच्या राखेची ओळख शाला ज्वालामुखीशी पटल्यावर, किमान २ लाख ३० हजार असं मागे मागे सरकत गेलं. या सगळ्यांना एका सरळ वंशावळीत ओवायचा प्रयत्न करून पाहा. जमत नाही. उन्हाळ्यातल्या नदीच्या पात्रात चार-पाच धारा होतात, एखादी वाळूत जिरते, दोन पुढे पुन्हा मिळतात, तसं हे चित्र आहे. नलेदीची धार बहुधा जिरली. इरहूद, फ्लोरिसबाद, ओमो यांच्या धारांमधलं थोडं थोडं पाणी आपल्यात असावं.

दगडांकडून याला दुजोरा मिळतो. केनियात ओलोर्गेसाइलीला लाखो वर्षं एकाच ढंगाच्या मोठ्या हातकुऱ्हाडी घडत होत्या, दगडही बहुतेक आसपासचाच. सुमारे ३ लाख २० हजार वर्षांपूर्वीच्या थरांत एकदम वेगळी हत्यारं दिसतात: लहान, टोकदार, दांडीला बांधण्याजोगी. त्यांतली बरीच ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेची, आणि ही काच २५ ते ५० किलोमीटरवरून आणलेली. शिवाय घासलेले लाल-काळे रंगाचे खडे. एवढ्या लांबून दगड येतो तेव्हा एकतर माणसं लांब जातात किंवा शेजाऱ्यांशी देवाणघेवाण असते. दोन्ही गोष्टी बघण्यासारख्या.

या नव्या तऱ्हेमागच्या एका तंत्राला अभ्यासक लेव्हाल्वा तंत्र म्हणतात. ते हातात घेऊन पाहिल्याशिवाय कळत नाही, तरी सांगते. साध्या पद्धतीत तुम्ही गोटा फोडता आणि जो छिलका निघेल तो वापरता. घाव जिथे बसला तिथे छिलक्याच्या आतल्या अंगाला फुगवटा येतो आणि त्याच्यापासून मंद लहरी पसरलेल्या दिसतात. बोट फिरवलं तरी लागतात. माणसाने फोडलेला दगड आणि नदीत आपटून फुटलेला दगड वेगळे काढताना आम्ही आधी हेच बघतो. लेव्हाल्वामध्ये घडवणारा आधी गाभा तयार करतो: कडेने छिलके काढत काढत वरचा भाग घुमटाकार करायचा, एका टोकाला घाव बसेल अशी सपाट जागा तासून घ्यायची, आणि मग एकच घाव. त्या एका घावाने निघणाऱ्या छिलक्याचा आकार तो निघण्याआधीच ठरलेला असतो. गाभ्यावरच्या जुन्या घावांच्या खाचा पाहून त्या माणसाने कोणत्या क्रमाने काम केलं ते आपण आज वाचू शकतो, आणि शेवटचा घाव चुकला असेल तर तोही दिसतो. हे तंत्र इरहूदला आहे, इथिओपियात आहे, दक्षिणेतही आहे. एकाच ठिकाणी सुचून सगळीकडे गेलं, की ठिकठिकाणी सुचलं? दोन्ही झालं असावं, असं माझं मत आहे. नुसत्या तंत्रावरून माणसांचं स्थलांतर सिद्ध करणाऱ्यांपासून जरा सावध राहावं.

मग हे गट तुटत आणि जुळत कशामुळे होते? मुख्यतः पाण्यामुळे. पृथ्वीच्या अक्षाचा डोल साधारण २१ हजार वर्षांच्या चक्राने उन्हाळ्यातला सूर्य उत्तर आफ्रिकेवर कमीजास्त तापवतो. जास्त तापला की पश्चिम आफ्रिकेचा मान्सून उत्तरेकडे खोल घुसतो आणि सहारा हिरवा होतो: गवत, नद्या, सरोवरं, पाणघोडे. शेवटचा असा हिरवा काळ सुमारे ५ हजार वर्षांपूर्वी संपला. अल्जीरियातल्या तासिलीच्या खडकांवरची गुराढोरांची चित्रं त्याच्याच उत्तरार्धातली. तेव्हा चाडचं सरोवर आजच्या कॅस्पियन समुद्राच्या तोडीचं होतं. सव्वा लाख वर्षांपूर्वीही सहारा असाच हिरवा झाला होता, आणि त्याआधीही अनेकदा. सहारा हिरवा असताना उत्तरेची आणि दक्षिणेची माणसं त्यातून ये-जा करू शकत होती. कोरडा पडला की तिथली वस्ती एकतर कडेला ढकलली जाई किंवा संपे. सहाराभर आणि भूमध्य किनाऱ्यावर खाली देठ काढलेली विशिष्ट दगडी टोकं मिळतात, त्यांना अतेरियन म्हणतात. आज जिथे मैलोन्‌मैल पाणी नाही तिथे ती वाळूवर नुसती पडलेली असतात. दक्षिणेला याच नाटकाचा वेगळा प्रयोग चालू होता. मालावी सरोवराच्या तळातल्या गाळावरून कळतं की १ लाख ३५ हजार ते ७५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात तिथे भीषण दुष्काळ पडून गेले, पाण्याची पातळी कित्येकशे मीटर उतरली. एका बाजूचं दार उघडं तेव्हा दुसऱ्या बाजूचं बंद, असं चालत होतं.

जंगलाचं काय? पावसाळी जंगल म्हणजे माणसाला अडसर, ही समजूत फार घट्ट होती. कोत दिव्वारमध्ये आबिजानजवळ आन्यामा इथे योदे गेदे यांनी १९८० च्या दशकात खणलेल्या जागेतून खोल थरांत दगडी हत्यारं मिळाली होती, पण तेव्हा त्यांचं वय काढायचं साधन नव्हतं. आता त्याच खड्ड्याची नव्याने तपासणी झाली. वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला ते मोजून थराचं वय काढलं, आणि परागकण व पानांवरच्या मेणाचे अंश तपासून त्या वेळी तिथे गवताळ माळ नव्हता, दाट ओलं जंगल होतं, हे ठरवलं. २०२५ मध्ये निष्कर्ष आला: सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी. त्याआधी आफ्रिकेच्या पावसाळी जंगलातला खात्रीचा जुना पुरावा होता जेमतेम १८ हजार वर्षांचा. एका जुन्या खड्ड्याने तो आठपट मागे नेला. ती जागा आज उरलेली नाही, खाणकामात गेली. नायजेरियातली इवो एलेरूची कवटीही इथेच सांगण्यासारखी: वय फक्त १३ हजार वर्षांच्या आसपास, पण घडण लाखभर वर्षांपूर्वीच्या माणसाची वाटावी अशी. पश्चिम आफ्रिकेत जुन्या वळणाचे गट फार उशिरापर्यंत टिकले असावेत, असा तिचा सरळ अर्थ मी लावते.

जनुकांचं शास्त्र काय म्हणतं, हे विचारल्याशिवाय कोणी राहत नाही. १९८७ मध्ये 'मायटोकाँड्रियल ईव्ह' गाजली. ती त्या काळातली एकटी बाई नव्हती. आईकडून येणाऱ्या डीएनएच्या एका छोट्या धाग्याचा माग तिच्यापाशी मिळतो, एवढाच त्याचा अर्थ. बाकीच्या डीएनएचे धागे त्या काळच्या आणि त्याआधीच्या हजारो स्त्री-पुरुषांपर्यंत जातात. हे विसरून २०१९ मध्ये बातमी आली की मानवाचं जन्मस्थान उत्तर बोट्स्वानात, मकगाडिकगाडीच्या जुन्या सरोवराकाठी सापडलं. आधार पुन्हा तोच एक धागा, आणि आजची माणसं जिथे राहतात तिथेच त्यांचे दोन लाख वर्षांपूर्वीचे पूर्वज राहत होते हे गृहीतक. अनेक अभ्यासकांनी ते लगेच खोडून काढलं, पण खंडन बातमीइतकं फिरत नाही. थेट जुन्या हाडांतून डीएनए काढावा तर आफ्रिकेची उष्णता आड येते. तिथे २० हजार वर्षांच्या आतलाच डीएनए हाती लागला आहे. म्हणून आजच्या लोकांच्या जनुकांवरून मागे मागे हिशेब करावा लागतो. २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेकडच्या नामा लोकांसह अनेक आफ्रिकी समूहांच्या जनुकांवरून केलेल्या मांडणीत एकच मूळ गट बसेना. लाखो वर्षं शेजारी शेजारी असलेले, अधूनमधून मिसळणारे किमान दोन गट धरले तर मात्र आकडे जुळले. आजच्या समूहांमधली सर्वात जुनी फाटाफूट त्या हिशेबाने १ लाख २० हजार ते १ लाख ३५ हजार वर्षांपूर्वीची. एलिनॉर स्केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हाडं, हत्यारं आणि हवामान एकत्र ठेवून जे मांडलं होतं, म्हणजे खंडभर विखुरलेल्या गटांतून माणूस घडला, त्याच्याशी हे चांगलं जुळतं.

दागिन्यांचंही थोडक्यात सांगते, कारण त्यावरून 'विचार करणारा माणूस दक्षिणेत जन्मला' अशी एक वेगळी टूम निघाली होती. दक्षिण आफ्रिकेच्या ब्लोंबोस गुहेत सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचे शिंपल्यांचे मणी आणि रेघा कोरलेला गेरू मिळाला, तेव्हा सगळ्यांचे डोळे तिकडे. मग मोरोक्कोतल्या बिझमून गुहेतले मणी १ लाख ४२ हजार ते दीड लाख वर्षांपूर्वीचे निघाले. तिसरीकडे, केनियातल्या 'पांगा-या-सैदी' नावाच्या गुहेत ७८ हजार वर्षांपूर्वी अडीच-तीन वर्षांच्या एका मुलाला खड्डा करून, कुशीवर निजवून, पाय पोटाशी घेऊन पुरलेलं मिळालं. डोकं ज्या तऱ्हेने कलंडलं त्यावरून त्याच्याखाली काहीतरी उशीसारखं ठेवलं होतं आणि ते कुजून गेलं, असा उत्खनकांचा अंदाज आहे. उत्तर, पूर्व, दक्षिण, तिन्ही टोकांना आपल्या ओळखीची माणसं. पहिला मान कोणाचा, ही शर्यत दर दोन-चार वर्षांनी नवा विजेता जाहीर करते.

राहिला शेवटचा भाग, भारताचा. आफ्रिकेबाहेर माणूस एकदाच पडला असं नाही. इस्राएलमधल्या मिस्लिया गुहेतला जबडा पावणेदोन लाख वर्षांहून जुना आहे, तिथल्याच स्खुल आणि काफझेहच्या दफनांना लाखभर वर्षं झाली. पण आज आफ्रिकेबाहेर राहणाऱ्या सगळ्यांच्या, म्हणजे आपल्याही, जनुकांचा बहुतांश भाग ५० ते ६० हजार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांकडून आला आहे. भारतात त्याआधीही हत्यारं होती. चेन्नईजवळच्या अत्तिरम्पाक्कमला हातकुऱ्हाडी १५ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत आणि त्याच जागी लेव्हाल्वा धर्तीची हत्यारं ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी दिसू लागतात. ती कोणी घडवली ते सांगणारं हाड तिथे नाही; अख्ख्या भारतात त्या जुन्या काळातली म्हणावी अशी कवटी एकच, १९८२ मध्ये नर्मदाकाठच्या हाथनोराला अरुण सोनकिया यांना मिळालेली, आणि ती होमो सेपियन्सची नाही. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, त्याच्या सान्निध्यात हातकुऱ्हाडी आहेत. ही राख सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याच्या आधीच्या, फार जुन्या उद्रेकाची, हा वाद माझ्या विद्यार्थिदशेपासून चालू आहे. त्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाचे काचकण दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पिनॅकल पॉइंटलाही मिळाले आहेत, आणि तिथल्या थरांत राखेच्या आधी जितकी हत्यारं आहेत तितकीच, किंबहुना जास्तच, राखेच्या नंतरही आहेत; म्हणजे निदान तिथे तरी माणसांनी तो उद्रेक पचवला.